उकळणं रेणूंमध्ये सापडतं का?
'तापमान म्हणजे रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा, संपली उष्मागतिकी', म्हणजे उष्णतेचं सगळं शास्त्र रेणूंच्या हालचालीतूनच निघतं, असं काहींचं म्हणणं असतं. साध्या वायूपुरतं ठीक आहे. पण पाणी उकळायला लागलं की गाडी अडते. रेणूंची संख्या मर्यादित धरली तर सांख्यिकी यामिकीतून (असंख्य रेणूंच्या सरासरीवरून पदार्थाचे गुणधर्म काढणाऱ्या शास्त्रातून) सगळे आलेख गुळगुळीतच निघतात. उकळण्यासारख्या अवस्थाबदलाचं टोक, म्हणजे आलेखातला अचानक बदल, हवा असेल तर रेणू अनंत मानावे लागतात. पातेल्यात ते कितीही असले तरी अनंत नसतात!

एमएस्सीला आयझिंग मॉडेल संगणकावर चालवलं होतं. (जाळीच्या प्रत्येक बिंदूवर वर किंवा खाली तोंड केलेला छोटा चुंबक असं हे मॉडेल; त्यातही अवस्थाबदल होतो.) १६×१६ च्या जाळीवर विशिष्ट उष्म्याचा (तापमान एका अंशाने वाढवायला लागणाऱ्या उष्णतेचा) आलेख म्हणजे नुसतं टेंगूळ. ६४×६४ वर (मशीन रात्रभर चालू ठेवून) शिखर उंच आणि अरुंद झालं, पण माथा गोलच. शास्त्रज्ञ लार्स ऑनसागरने १९४४ मध्ये गणिताने काढलेलं टोक अमर्याद जाळीवरच येतं. सरांना दाखवलं तर म्हणाले, "अजून मोठी जाळी घे."