सध्या काय वाचताय, आणि ते तुमच्या हातात कसं आलं?

अंबाझरीकाठ
काल रात्री अडीचच्या सुमारास पावसाच्या आवाजाने जाग आली. उठून आधी काय केलं असेल, तर पुस्तकांच्या कपाटाचा खालचा खण रिकामा केला. २३ सप्टेंबर २०२३ पासून ही सवयच लागली आहे. त्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी आमच्या ले-आउटमध्ये शिरली. तळमजल्यावर कंबरभर पाणी, फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. बाबांची सगळी पुस्तकं खालच्या दोन खणांत. बाबा आदल्याच वर्षी गेले होते. दोन दिवसांनी ती पुस्तकं घमेल्यात भरून बाहेर काढली. ते काम मी आईला करू दिलं नाही.

एकच वाचलं. मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' बाबांच्या दिवाणावर उशाशी होतं. गादी तरंगली तसं तेही वर राहिलं, अर्धंच भिजलं. आठ दिवस पंख्याखाली वाळवलं. आता फुगून दुप्पट जाड झालंय, गाळाचा वास अजून येतो, मधली काही पानं एकमेकांना घट्ट चिकटली आहेत. बाबा समासात पेन्सिलीने लिहायचे, कुठला पक्षी कुठे दिसला ते.

१८ जून २०२५ ला चितमपल्ली गेल्याची बातमी आली, त्या रात्री ते पुस्तक उघडलं. तोवर हात लावायचा धीरच होत नव्हता. तेव्हापासून तेच वाचते आहे. कधी चार पानं, कधी आठवडाभर काहीच नाही.

तुम्ही सध्या काय वाचताय? आणि ते कोणी दिलं, कुठून आणलं, तेही लिहा. नुसती नावं नकोत.

चिंचभवनची मीनल
वाचूनच गलबललं ताई. आमच्याकडे पाणी नव्हतं आलं पण नणंदेच्या घरी त्या दिवशी भांडी पुसायला गेलो होतो सगळे. सध्या मुलाचं चाचणीचं पुस्तकच वाचून राहिली आहे. रात्री सविस्तर लिहिते.

बर्डीची लेक
वसंत मून यांचं 'वस्ती'. तिसऱ्यांदा.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते पांढऱ्या कपड्यांत दीक्षाभूमीवर उभे होते, तेव्हा वय एकोणीस. पुढे दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ते आम्हा नातवंडांना घेऊन जायचे आणि प्रत्येकाला एक पुस्तक घेऊन द्यायचे. खेळणी नाही, खाऊ नाही, पुस्तक. तिथे पुस्तकांचे स्टॉल बघितले नसतील त्यांना सांगते, जत्रेत पाळण्याला गर्दी असते तशी तिथे पुस्तकाला असते. खेड्यावरून आलेल्या बाया डोक्यावर बोचकं आणि हातात नवी पुस्तकं घेऊन परत निघतात.

मी अकरावीत असताना आजोबांनी 'वस्ती' घेऊन दिलं. म्हणाले, हे आपल्या बर्डीचं आहे. मून म्हणजे ज्यांनी पुढे बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड संपादित केले तेच. पण या पुस्तकात ते सीताबर्डीच्या महारपुऱ्यातलं पोर आहेत. उपास, आईची ओढाताण, आखाडे, समता सैनिक दल, सगळं आपल्याच रस्त्यांवरचं. ज्या चौकात मी रोज गाडी लावते तिथून दोन पावलांवर हे सगळं झालं, हे सोळाव्या वर्षी कळलं तेव्हा रस्ताच वेगळा दिसायला लागला. गेल ऑम्व्हेट यांनी त्याचं इंग्रजी केलं आहे, माझ्या बंगाली जाऊबाईंना मी तेच दिलं.

आता आजोबा नाहीत. महिन्याभरात जाईन तेव्हा माझ्या पोरीला घेऊन जाईन.

गोरेवाडा
जय भीम ताई. आजोबांना नमन.

मेट्रोतला वाचक
एलकुंचवारांचं नाटक, 'वाडा चिरेबंदी'. मेट्रोने लोकमान्य नगरहून सीताबर्डीपर्यंतचा वेळ माझा हक्काचा आहे, कॉलेजला शिकवायला जातो. परवा अंगणात बंद पडलेल्या ट्रॅक्टरपाशी पोचलो होतो आणि बर्डी मागे गेली, थेट प्रजापती नगरला उतरलो. पहिलं लेक्चर हुकलं, त्याचं वाईट वाटलं, पण ते पान मी सोडू शकत नव्हतो.

आमच्याही गावी, यवतमाळकडे, असाच ट्रॅक्टर उभा आहे. काकांनी कर्ज काढून घेतलेला. त्याच्या सीटवर कोंबड्या बसतात. नाटकातल्या प्रभाला शिकायचं असतं आणि घरातून नाही म्हणतात, तेही आमच्याकडे घडलेलं. माझी आत्या. एलकुंचवारांनी आमच्या घरात बसून लिहिलंय असं वाटत राहतं.

आजीची खोली
दादा, तुमच्या एलकुंचवारांवरून आठवलं. मी वाचनालयात 'युगान्त' मागितलं. मला हवं होतं इरावतीबाई कर्व्यांचं, महाभारतातल्या माणसांवरचं, ज्याला १९६८ चा साहित्य अकादमी मिळाला ते. घरी येऊन पिशवी उघडली तर नाटक. एलकुंचवारांच्या वाड्याचाच तिसरा भाग, नाव तेच. परत करायला निघाले होते, पण पावसाने अडवलं म्हणून वाचायला घेतलं आणि मग पहिले दोन भाग मागवावे लागले. आता दोन्ही 'युगान्त' उशाशी आहेत. एकात कुरुकुळ संपतं, दुसऱ्यात देशपांड्यांचं घर. एकामागून एक वाचून बघा, मी मनापासून सांगते आहे. गांधारीवरचं प्रकरण वाचून झाल्यावर वाड्यातल्या बायका निराळ्याच कळतात.

मेट्रोतला वाचक
आजी, हे सुचलंच नव्हतं. आजच कर्वे घेतो.

रात्रपाळी
वॉर्डात आहे त्यामुळे पटकन. उद्धव शेळके यांचं 'धग'. बाबांनी घ्यायला लावलं, म्हणाले तुझ्या आजीची भाषा ऐकायची असेल तर हे वाच. आमचं मूळ अमरावतीकडचं. संवाद सगळे वऱ्हाडीत. पहिल्या दहा पानांत अडखळले, मग मोठ्याने वाचायला लागले आणि एकदम आजीचा आवाज आला. कौतिक घर ओढते, नवरा काही केल्या साथ देत नाही, तिला वाटतं पोरगं तरी शिकेल. पुढचं सांगत नाही. १९६० चं पुस्तक आहे. शेवटाकडे नवऱ्याच्या आजाराचं येतं ते मला नर्स म्हणून फार जड गेलं.

पोट्ट्यांची माय
आमच्या घरी वाचायला बसतंच कोन? मोबाईल घेतला की घर डोक्यावर घेतात. आठ वर्षांचा आणि अकरा वर्षांची. काय देऊ? काही सुचवा न कोणी.

आजीची खोली
'किशोर' मासिक. बालभारतीचं, १९७१ पासून चालू आहे. जुने अंक फुकट वाचायला ठेवले आहेत त्यांनी. मोबाईल हातात आहेच तर त्यावरच उघडून द्या. अकरा वर्षांच्या मुलीला 'फास्टर फेणे'. माझ्या नातवाने एका उन्हाळ्यात कूलरसमोर बसून आठ भाग संपवले.

मेट्रोतला वाचक
आणि तुम्ही स्वतः वाचून दाखवा रोज दहा मिनिटं. गोष्ट अर्ध्यात थांबवायची आणि दिवा घालवायचा. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक शोधत येतात.

पोट्ट्यांची माय
करून पाहाते. आज गोळाभात आहे, जेवणं आटोपली की लगेच.

गोरेवाडा
गोळे फुटतात आमचे भातात. तुमचे राहतात का?

पोट्ट्यांची माय
हाव. हरभरा डाळीचा भरडा रवाळ घ्या, बेसन नको. मोहन गरम घाला अन् पाणी अगदी कमी. भात अर्धा शिजला की मगच गोळे ठेवायचे, ढवळायचं नाही. वरून हिंग-मोहरीचं तेल सढळ.

महालातला बाइंडर
अंबाझरीकाठ ताई, मी महालात बाइंडिंगचं काम करतो, वडिलांपासून. तुमच्या पुरानंतर दोन महिने माझ्याकडे नुसती ओली पुस्तकं येत होती. सांगतो ते करा.

चिकटलेली पानं कोरडी असताना ओढू नका, वरचा थर सोलून निघतो अन् अक्षर दुसऱ्या पानावर जातं. साधा कागद असेल तर सुटतो. फोटोचा गुळगुळीत कागद बहुधा सुटत नाही, त्याच्या मागे लागू नका. झाकणाच्या डब्यात खाली ओलं फडकं, त्यावर जाळी, जाळीवर पुस्तक. फडकं पुस्तकाला लागायला नको. झाकण लावा, दर दोन तासांनी बघा. कागद नरम झाला की कोपऱ्यातून जुनं पोस्टकार्ड सरकवत न्यायचं. एका बैठकीत एकच जोडी. सुटलं की दोन्ही पानांत कोरा कागद घालून पंख्याखाली. उन्हात अजिबात नाही, उन्हात पान वाकडं होतं अन् पिवळं पडतं.

सगळी पानं सुटली की माझ्याकडे आणा. फरमे, म्हणजे पानांचे जुडगे, मोकळे करून नव्याने जुजबंदी शिलाई, म्हणजे जुडगे दोऱ्याने एकमेकांना शिवून, करून देतो. खळीत मोरचूद टाकतो, कसर लागत नाही. पेन्सिलीच्या अक्षराला काही होणार नाही, पाण्याने पेन्सिल जात नाही. शाई जाते.

पुढे कोणाची पुस्तकं भिजली अन् लगेच वाळवणं झालं नाही, तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा. दोन दिवसांत बुरशी धरते, गोठवलं की थांबते. मग सवडीने एकेक काढून वाळवा.

अंबाझरीकाठ
भाऊ, काय बोलू. दोन वर्षं कोणीच हे सांगितलं नाही. उद्या रविवार आहे, करते.

आजीची खोली
मोरचुदाचं माहीत नव्हतं हो. मी कपाटात वेखंड आणि कडुलिंबाचा पाला ठेवते.

महालातला बाइंडर
चांगलंच आहे आजी. पाला नीट वाळलेला ठेवा फक्त, ओला नको.

राजनांदगावची सून
मी वाचत नाही, ऐकते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, महिनाभर डोळ्यांना ताण नको म्हणाले. धाकटा दीर रोज संध्याकाळी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवतो. माहेर नागपूर, सासर राजनांदगाव, आणि पुस्तकात नेमका हाच रस्ता! टिळक नागपूरहून राजनांदगावला निघालेले असताना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटतो, त्यांच्या हातात नवा करार देतो, आणि १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती होतात. मागे राहते ती लक्ष्मीबाई. जेमतेम लिहिता-वाचता येणारी, सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई. ती हे सगळं लिहिते आणि कुणाबद्दल कडू होत नाही. चौथा भाग पुरा होण्याआधी त्या गेल्या, तो मुलाने पुरा केला.

दिराचं वाचून झालं की मी म्हणते, अजून एक पान. तो म्हणतो, वहिनी, घसा बसला. मग आल्याचा चहा करून देते आणि अजून एक पान मिळतं.

बर्डीची लेक
किती गोड दीर आहे हो तुमचा.

टेकडीखाली
हिंदी चालेल का? मुक्तिबोधांच्या कविता. त्यांनी नागपुरात बरीच वर्षं काढली, पुढे राजनांदगावला गेले (वरच्या ताईंचं सासर). घरात मराठी, कविता हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मात्र मराठीत लिहायचे. दोघा भावांच्या कविता शेजारीशेजारी ठेवून वाचतो आहे. संत्र्याच्या हंगामात गाडीवर दोन्ही भाषा ऐकू येतात ना, तसं वाटतं.

चिंचभवनची मीनल
आले परत. खरं सांगू का, आई गेल्यापासून एक पुस्तक पुरं झालेलं नाही. दीड वर्ष होईल. आधी आठवड्याला दोन वाचायची. आता दुसरं पान आलं की पहिल्यावर काय होतं ते आठवत नाही. तुम्हा सगळ्यांचं वाचून इच्छा मात्र झाली.

रात्रपाळी
ताई, असं होतं. माझं वडिलांच्या आजारपणात झालं होतं. जबरदस्ती करू नका.

आजीची खोली
मीनल, दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' घे. बारा महिन्यांचे बारा लेख, गोष्ट नाही, त्यामुळे मागचं आठवायला लागत नाही. आत्ता भाद्रपद आहे, भाद्रपदाचा तेवढाच वाच आणि ठेवून दे. दुसरा आश्विन लागल्यावर. माझे यजमान गेले त्या वर्षी मी एवढंच वाचलं. तुझ्याकडे नसेल तर माझी प्रत देते, तू येऊ नकोस, माझा नातू त्या बाजूला क्लासला येतो, त्याच्या हाती पाठवते.

चिंचभवनची मीनल
आजी 🙏 आईसुद्धा अशीच म्हणायची, तू येऊ नकोस.

पोट्ट्यांची माय
वाचून दाखवलं दहा मिनिटं. दिवा घालवला. पोरगी रडली की पुढे काय झालं सांग. 😀

गोरेवाडा
गोळे नाही फुटले काकू! भरडाच पाहिजे.

अंबाझरीकाठ
आज सकाळी आठपासून बसले होते. डबा, जाळी, पोस्टकार्ड, सगळं भाऊंनी सांगितलं तसं. पहिली जोडी कोपऱ्यात थोडी फाटली. दुसरी दुपारी दोनला सुटली. समासात बाबांचं अक्षर आहे, फिकट पण पूर्ण लागतं. "सेमिनरी हिल्स. जून ९४. पाऊस पडून गेल्यावर. नवरंग, दोन. सोबत छकुली." छकुली म्हणजे मी. मला ती सकाळ आठवत नाही. चार वर्षांची असेन. आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, घरी येताना तुझी एक चप्पल चिखलात राहिली होती, बाबांनी खांद्यावर आणलं होतं.

अजून सात जोड्या आहेत.

महालातला बाइंडर
घाई करू नका. रोज एक.

टेकडीखाली
नवरंग अजूनही येतो तिथे, मृगाच्या पावसाआधी दोन-चार दिवस त्याची शीळ ऐकू येते. मी जवळच राहतो. जूनमध्ये या, आईंना घेऊन.

अंबाझरीकाठ
येते. बाबांची दुर्बीण माळ्यावर होती, ती कोरडी आहे.