आईला अल्झायमर होता. माझी स्मरणशक्ती आत्ताच कशी तपासून घ्यावी?

शेवंती:
माझे वय ४८ आहे. आईला ६९व्या वर्षी अल्झायमरचे निदान झाले. त्याआधी तीन-चार वर्षे ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असे, आणि आम्ही ते ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले, याची खंत अजून जात नाही. आता मलाही ओळखीच्या माणसांची नावे चटकन आठवत नाहीत. मोका या स्मरणशक्ती आणि विचारशक्तीच्या छोट्या चाचणीत ३० पैकी २८ गुण मिळाले. तेवढ्यावर निर्धास्त राहावे, की जनुकीय तपासणीही करावी?

नदीकाठ:
मी मेमरी क्लिनिकमध्ये अशा चाचण्या घेते. २६ किंवा अधिक गुण सर्वसाधारण मानतात, त्यामुळे २८ चांगलेच आहेत. परंतु मोका ही डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, आधीच्या टप्प्यातली सौम्य घसरण ओळखण्यासाठी केलेली चाळणी आहे आणि त्याहूनही आधीचा बदल, विशेषतः उच्चशिक्षितांमध्ये, तिच्यातून निसटू शकतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका अभ्यासात अल्झायमरचे दुर्मिळ आनुवंशिक जनुक असलेल्या, पण लक्षणे नसलेल्या व्यक्तींना शब्दांची यादी, गोष्ट आणि आकृती लक्षात ठेवायला दिली होती. अर्ध्या तासाने त्यांना इतरांइतकेच आठवले, सात दिवसांनी मात्र बरेच कमी. म्हणून मराठीतूनच स्मरणशक्ती, लक्ष, भाषा अशा क्षमतांची सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी करून घ्या, अहवाल जपून ठेवा आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच भाषेत ती पुन्हा करा. तुमची खरी तुलना तुमच्याच आधीच्या गुणांशी व्हायला हवी. जनुकीय तपासणीत पाहतात त्या एपीओई-४ या जनुकप्रकारामुळे अल्झायमरची शक्यता वाढते, निदान होत नाही. समुपदेशनाशिवाय ती जनुकीय तपासणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओसरी:
ताई, त्याआधी बी-१२, थायरॉईड, झोप आणि नैराश्य यांची तपासणी करा. मी शाकाहारी आहे. माझे बी-१२ फार कमी निघाले होते आणि उपचारानंतर विसरणे पुष्कळ कमी झाले. रक्तदाब, साखर आणि श्रवणशक्तीही पाहून घ्या, कारण मध्यमवयात कमी झालेली श्रवणशक्ती हा डिमेन्शियाचा मान्य झालेला धोका आहे आणि त्यावर श्रवणयंत्राचा उपाय आहे.

शेवंती:
दोघींचे मनापासून आभार. तपासणीला यजमानांना बरोबर न्यावे का?

नदीकाठ:
अवश्य न्या. नाव उशिरा आठवणे फारसे काळजीचे नाही. कालचे बोलणे आठवण करून दिल्यावरही अजिबात न आठवणे काळजीचे आहे, आणि ते घरच्यांनाच आधी कळते. अशा प्रसंगांची तारखेसह नोंद त्यांना आजपासून ठेवायला सांगा.