पॅरिश कौन्सिलचा उपयोग काय?
इंग्लंडमधल्या खेड्यातल्या पॅरिश कौन्सिलला, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेला, रस्त्यावरचा साधा खड्डाही बुजवता येत नाही, मग ती हवी कशाला, असं कुणी विचारेल. रस्ते काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या वरच्या पातळीच्या) अखत्यारीत येतात हे खरं. पण १८९४ च्या कायद्याने आलेली ही स्थानिक कारभाराची सगळ्यात खालची पायरी बाकं, बसथांब्याची शेड, दफनभूमी, खेळाचं मैदान असं बरंच काही सांभाळते. खर्च मुख्यतः कौन्सिल टॅक्समधल्या (घरांवरच्या स्थानिक करातल्या) 'प्रिसेप्ट' नावाच्या छोट्या हिश्श्यातून.

लाल टेलिफोन बूथच घ्या. बीटी ही ब्रिटनची टेलिफोन कंपनी २००८ पासून वापरात नसलेले बूथ एका पौंडात गावाला देते. कितीतरी गावांनी तिथे डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदय अचानक बंद पडल्यास विजेचा झटका देणारं यंत्र, बसवलाय. आडगावी अँब्युलन्स यायला वेळ लागतो. तोवर शेजारी धावत जाऊन तो आणू शकतो. पण त्याची बॅटरी, पॅड मुदतीत बदलायला कुणीतरी लागतंच ना? ते बहुतेकदा कौन्सिलच बघते. मला हे खड्डा बुजवण्याइतकंच मोलाचं वाटतं.

दरवर्षी १ मार्च ते १ जूनच्या दरम्यान पॅरिशची सभा होते, मतदारयादीतल्या कुणालाही तिथे बोलता येतं. इंग्लंडमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही मताचा हक्क आहे. अशा गावात राहणाऱ्यांनी नाव नोंदवून सभेला जरूर जावं.