रेशन बंद करून खात्यात पैसे? आधी त्या गावचा किराणा बघून या

रानवाटा:
काल दुसऱ्या धाग्यावर एका महाशयांनी लिहिलंय की रेशन दुकानं आता मोडीत काढा, गावोगाव किराणा झालाय, पोरासोरांकडे मोबाईल आहे, तेव्हा गोदाम-वाहतूक-चोरी ही भानगडच नको, सरळ खात्यात पैसे टाका, लोक आपल्या पसंतीचं घेऊन खातील. खाली टाळ्या वाजवणारे तीसेक जण. तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते लांबत गेलं म्हणून वेगळा धागा.

मी सात वर्षं मेळघाटात मास्तरकी केली. तिथल्या गावात किराणा म्हणजे कुणाच्या तरी घराची पुढची खोली. दाराला शाम्पूच्या पुड्यांची तोरणं, आत मीठ, तंबाखू, बिडीबंडल, तेलाच्या पिशव्या, पाच रुपयेवाली बिस्किटं. डाळ पाव किलोच्या पुड्यांत. तांदळाचं असलं तर एखादं पोतं, तेही जीपच्या टपावरून आलेलं, म्हणून बाजारच्या भावापेक्षा किलोमागे पाच-सात रुपये चढेच. आणि मग दुकानदाराची वही. त्या वहीत ज्याचं नाव आहे तो भावाबद्दल बोलत नाही, गपचूप घेतो.

पावसाळ्यात नाला आला की जीपही बंद. असल्या गावांना चार महिन्यांचं रेशन पावसाआधी पोचवायचं अशी सोय आदिवासी भागासाठीच्या नवसंजीवन योजनेत केलेली आहे, ती काय कुणाला हौस होती म्हणून नाही. पैसे नाला ओलांडून येतील हो खात्यात, तांदूळ कोण आणणार?

खडकवासलेकर:
महाशय मीच, नाव घ्यायला लाजू नका. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबारचा डोंगर, तिथे द्या की धान्य, कोण नको म्हणतंय. पण मेळघाट पुढे करून अख्ख्या राज्यातली गळती झाकू नका. आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या तिन्ही मावश्या रेशनचा तांदूळ विकतात. वस्तीत टेम्पो येतो, काटा लावतो, अठरा रुपये किलो, रोख. सरकारला तोच तांदूळ चाळीसेक रुपयांना पडतो, माझ्या टॅक्समधून. मधले बावीस रुपये कुणाच्या घशात गेले? त्यापेक्षा पूर्ण चाळीस त्या बाईच्या हातात द्या ना. यात गरिबांच्या विरोधात काय आहे ते मला कुणीतरी समजावून सांगा.

जोंधळा:
विकतात कारण आमच्याकडं भात म्हणजे जेवणाच्या शेवटी दोन घास. भाकरी खाणाऱ्याच्या पिशवीत तांदूळ ओतायचा आन् त्यानं विकला की त्यालाच चोर म्हणायचं, लई भारी न्याय.

राहिलं खात्यातल्या पैशाचं. तो प्रयोग आमच्यावर होऊन गेलाय साहेब, पुण्यात कुणाला पत्ता नसेल. मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा, असे शेतकरी आत्महत्यांचे चौदा जिल्हे, केशरी कार्डवाले शेतकरी. 2015 पासून 2 रुपयानं गहू, 3 रुपयानं तांदूळ मिळायचा. मग धान्य बंद केलं आणि 2023 ला माणशी महिन्याला 150 रुपये सुरू केले, पुढं 170. पाच किलोचे 170 म्हणजे 34 रुपये किलो. या भावात चाळणी न मारता दळता येईल असा गहू आणून दाखवा. तेही दर महिन्याला येत नाहीत, आले तर चार महिन्यांचे एकदम, तवर काय खायचं, मेसेज?

माझ्या आईचं ऐका. बँक 22 किलोमीटर. जाऊन यायला 80 रुपये. जन्मभर खुरपं धरलेल्या हाताचा अंगठा मशीनवर उमटत नाही. पहिल्या खेपेला अंगठा नाही, दुसऱ्या खेपेला लिंक नाही, तिसऱ्या खेपेला कळलं की केवायसी नाही म्हणून खातंच बंद पडलंय. 240 रुपये खर्चून म्हातारी हात हलवत परत आली, येताना माझ्या पोरीला भेळ तेवढी आणली.

खडकवासलेकर:
म्हणजे योजना चुकीची नाही, रक्कम कमी आहे आणि बँक नालायक आहे. माझ्या मुद्द्याला पाठिंबा दिल्याबद्दल आभार.

जोंधळा:
तुम्हाला पाठिंबा द्यायला मला अजून चार जन्म लागतील.

दुकान_माझंच:
इथं ज्याला चोर म्हणताय तो मी. 19 वर्षं रास्त भाव दुकान चालवतोय. क्विंटलला 150 रुपये कमिशन, आता कुठं 170 झालं. त्यात जागेचं भाडं, लाईट बिल, मापाड्याची हजेरी आणि पोत्यात येतानाच असलेली घट. गेली दोन वर्षं निम्मा महिना ई-केवायसीतच जातो, म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाचा अंगठा आधारशी जुळवायचा. पोरं सुरतला, बाप इथं, नाव उडालं की शिव्या मला. सर्व्हर डाऊन, शिव्या मला. गहू कमी आला तरी मलाच, जसा काय मी घरामागं पिकवतो. चोर आहेत आमच्यात, नाही कशाला म्हणू, पण आता मशीनवर अंगठा लागल्याशिवाय दाणा हलत नाही.

आणि हल्ली नवीनच. बायका तांदूळ परत आणून ओट्यावर ओततात, म्हणतात प्लॅस्टिक विकतोस.

सांजवात:
प्लॅस्टिकच आहे तो! मी स्वतः बघितलंय. आमच्याकडे काम करणारी ताई घेऊन आली होती, पाण्यात टाकला तर काही दाणे वर तरंगले, पिवळट रंग, वास नाही चव नाही. गरीब आहेत म्हणून काहीही खपवायचं का?

मिरजेचा_डॉक्टर:
ताई, प्लॅस्टिक नाही हो. फोर्टिफाइड तांदूळ आहे तो. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 कालवून यंत्रातून पाडलेले दाणे शंभर किलोत एक किलो मिसळलेले आहेत त्यात. ते दाणे हलके असले की तरंगतात. ॲनिमियासाठी आहे. व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ बघून खाऊ घातलेलं लोह फेकायला लावू नका.

सांजवात:
मी व्हॉट्सॲप म्हटलंच नाही, डोळ्यांनी बघितलं म्हटलं. डॉक्टर झालात म्हणून समोरच्याला अडाणी धरायचं?

मिरजेचा_डॉक्टर:
अडाणी म्हटलं नाही. पण शिकलेल्या बाईनं असं पसरवावं याचं नवल वाटतं.

सांजवात:
बाईनं म्हणजे? पुरुषाने पसरवलं तर चाललं असतं?

रानवाटा:
अहो तांदूळ बाजूला ठेवा, धागा किराण्याचा आहे.

वऱ्हाडी_ठेचा:
मास्तर, असा कसा बाजूला ठेवू, आमच्याइकडे घरोघरी हेच चालू हाये. माही आजी सुपात तांदूळ घेते, चष्मा नाकावर, अन् ते पिवळे दाणे एकेक वेचून अंगणात फेकते. कोंबड्या पण खात न्हाई म्हणते, हे तिचं प्रूफ. म्या सांगून पाह्यलं का आजी त्याच्यात ताकद हाये, तर मले म्हणे ताकद हाये तं साहेबाच्या घरी काऊन न्हाई देत. आता याचं उत्तर द्या डॉक्टर.

मिरजेचा_डॉक्टर:
याचं उत्तर माझ्याकडे नाही, हे मान्य.

दुकान_माझंच:
सांगायला कुणी आलंच नाही. ना ग्रामसभेत सांगितलं ना दवाखान्यात. पोती उतरवून गाडी गेली. पुढचं मी बघून घ्यायचं, मी काय शास्त्रज्ञ आहे?

आरोग्यसेविका_7:
डॉक्टर, एक राहिलं. विदर्भात आदिवासी भागात सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार. अशा पेशंटनं लोह घातलेलं धान्य खाऊ नये असा इशारा या पोत्यांवर छापून यायचा. पोतं दुकानात फुटतं, तांदूळ लोकांच्या पिशवीत सुटा जातो, इशारा राहायचा दुकानात बारदानावर. माझ्याकडे सिकलसेलची दोन मुलं आहेत, त्यांच्या आईला मी काय सांगू, वेचून टाक? मग तुम्हीच म्हणणार अफवा पसरवते.

मिरजेचा_डॉक्टर:
हा मुद्दा वेगळा आहे आणि बरोबर आहे. प्लॅस्टिकचा मात्र नाही.

सांजवात:
बघा, तरंगत तरंगत आले काठाला.

प्रेअरीवरून:
मी साउथ डकोटात राहते, हॉस्पिटलात काम करते, वाचून राहवलं नाही. खडकवासलेकर म्हणतात ते इथे चालूच आहे, स्नॅप म्हणतात. महिन्याला कार्डावर पैसे येतात, दुकानात जाऊन खाण्याचं सामान घ्या. शहरात झकास चालतं. पण आमच्या काउंटीत ताजी भाजी मिळणारं दुकान घरापासून 45 मैल. जवळ आहे ते डॉलर जनरल, स्वस्त मालाचं दुकान, तिथे डब्यातलं सूप, चिप्स, गोठवलेला पिझ्झा. ज्याची गाडी बंद पडली तो तेच खातो आणि मग माझ्याकडे शुगर वाढवून येतो.

गंमत म्हणजे इथल्या आदिवासी रिझर्व्हेशनवर, म्हणजे आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या मुलखात, सरकारच धान्याची खोकी पण देतं, पीठ, कडधान्यं, डबे, मांस. एका महिन्यात कार्ड किंवा खोकी, दोन्हीपैकी एकच. दुकान लांब असलेले बरेच जण खोकीच घेतात. 2025 च्या नोव्हेंबरात शटडाऊनमुळे, म्हणजे खर्चाच्या मंजुरीअभावी सरकारी कामकाज ठप्प झाल्यामुळे, कार्डावरचे पैसे अडकले तेव्हा माझ्या वॉर्डातली एक मदतनीस मला म्हणाली, कार्ड रिकामं झालं की ते नुसतं प्लॅस्टिक.

वऱ्हाडी_ठेचा:
घ्या! प्लॅस्टिक सापडलं शेवटी.

खडकवासलेकर:
अमेरिकेचं इथे आणू नका. आपल्याकडे चंदीगड आणि पुद्दुचेरीत 2015 मध्ये रोख द्यायला सुरुवात झाली, तिथे कोण उपाशी मेलं?

रानवाटा:
दोन्ही बहुतेक शहरीच आहेत हो! कोपऱ्याकोपऱ्यावर दुकान. गावातलं बघायचं तर झारखंडात रांचीजवळ नगडी बघा. 2017 मध्ये तिथे पैसे खात्यात टाकायला लागले, ते काढून तेच तांदूळ रेशन दुकानात साधारण 32 रुपये किलोनं घ्यायचे. आधी बँक, मग पैसे काढायचं केंद्र, मग दुकान, एका पोत्यासाठी तीन रांगा आणि प्रत्येक रांगेत एक रोज बुडालेला. लोक मोर्चा घेऊन रांचीला गेले, 2018 मध्ये गुंडाळलं. जोंधळांच्या आईच्या तीन खेपा आणि ह्या तीन रांगा, तुम्हीच मेळ घाला.

खडकवासलेकर:
ठीक. जिथे दुकान नाही तिथे धान्य. जिथे आहे तिथे ज्याला हवं त्याला पैसे, ज्याला नको त्याला धान्य, निवड त्याची. आणि रक्कम बाजारभावाला बांधा. एवढं तरी मान्य करा.

जोंधळा:
बाजारभावाला बांधणार असाल आणि महिन्याच्या महिन्याला देणार असाल तर बोलू. तवर आमची ज्वारी द्या.

खडकवासलेकर:
ज्वारी द्यावी. याला मी कधी नाही म्हटलं?

जोंधळा:
आज पहिल्यांदा हो म्हणालात, नोंद घेतली.

दुकान_माझंच:
ज्वारी मागे आली होती माझ्याकडं दोन महिने. निम्म्या कार्डवाल्यांनी परत केली, म्हणाले काळी पडलीय, गहूच द्या.

वऱ्हाडी_ठेचा:
ते सारं ठीक, पण डॉक्टर, आजीनं फेकलेले दाणे कोंबडीनं आज खाल्ले. आता आजी म्हणते अंडं प्लॅस्टिकचं निंघन.