अनुभव धागा : कामासाठी गाव सोडलं तेव्हा हातात काय होतं?

नवेगावची_बाई
काल रेशन दुकानात माझ्यापुढे वीटभट्टीवरची एक बाई उभी होती. छत्तीसगडची, कार्डही तिकडचं. दुकानदाराने नंबर टाकला, तिने अंगठा लावला, माणशी 5 किलोच्या हिशेबाने धान्य पिशवीत घेतलं आणि निघाली. मला तिथेच आमच्या शाळेचा जुना हजेरीपट आठवला.

धान घरात आलं की जानेवारीत आमच्या गावातून पिकअप भरून माणसं तेलंगणात मिरची तोडायला जात. मुलुग, वरंगल, पार खम्ममपर्यंत. संक्रांतीनंतर चौथीचा वर्ग निम्मा रिकामा. लहान पोरं मायबापासोबत, थोडी मोठी झालेली पोर धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून तीही सोबत. रेशनकार्ड मात्र घरी पत्र्याच्या पेटीत, कारण गावच्या दुकानाबाहेर त्याला कोणी विचारत नव्हतं. तिकडे बाजारभावाने तांदूळ घ्यायचा आणि त्याचे पैसे मजुरीतून कापले जायचे. शेवटी हातात काय उरत असेल, तुम्हीच सांगा.

2019 पासून 'एक देश एक रेशन कार्ड' टप्प्याटप्प्याने आलं, 2022 मध्ये सगळी राज्यं त्यात आली. घरचे चार जण गावात आणि दोघं बाहेर असतील तर दोघांचा वाटा तिकडे आणि चौघांचा इथे उचलता येतो. हे आमच्या अर्ध्या गावाला आजही माहीत नाही. ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांना ती कोणी समजावून सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमचे अनुभव लिहा. गाव सोडलं तेव्हा कोणता कागद, कोणता माणूस, कोणता नियम कामी आला? कुठे अडलं? परदेशात गेलेल्यांनीही लिहा, आणि ज्यांच्या गावात बाहेरून लोक आले त्यांनीही.

सिरोंचा_पूल
मिरची म्हटलं की मला फक्त 2020 आठवतं बाई. 24 मार्चच्या रात्री बंद जाहीर झालं तेव्हा आमची टोळी गोदावरीच्या पलीकडे होती. मजुरी अर्धी पैशात, अर्धी वाळलेल्या मिरचीत ठरलेली. मालक म्हणाला पैसे नंतर, मिरची घेऊन जा. रस्त्यात कोण घेणार मिरची? डोक्यावर पोतं घेऊन बाया चालल्या. कालेश्वरमचा पूल समोर दिसत होता, पलीकडे आपलं सिरोंचा, पण सीमा बंद. काही जणांनी नदीतून पाणी कमी असेल तिथून पार केली. आमच्यासोबत एक बाई होती, सातवा महिना. पोहोचली सुखरूप. मुलगा झाला, आता शाळेत जातो.

1979 चा कायदा होता ना आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा? पाच किंवा जास्त मजूर दुसऱ्या राज्यात नेणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यायचा, मजुराला फोटोचं पासबुक द्यायचं, जाण्यायेण्याचं भाडं आणि वर विस्थापन भत्ता द्यायचा. हे सगळं मला लॉकडाऊननंतर कळलं. आमच्या मुकादमाकडे एक वही होती, त्यात आमची नावं आणि उचल. तेवढाच आमचा पुरावा.

मोहाडीची_सून
बाई तुम्ही नवेगाव बांधच्या का? माझी आत्या तिथेच दिली आहे, तलावाच्या अंगाला घर.

नवेगावची_बाई
हो ग, बांधच. आत्याचं घर कोणत्या बाजूला ते सांग, बहुतेक ओळखत असेन. सिरोंचा दादा, वाचून हातपाय गार पडले. त्या बाईला आणि पोराला खूप आशीर्वाद.

पैनगंगेकाठ
आमचा तांडा उमरखेडकडचा. मिरची नाही, ऊस. दिवाळी झाली की कोयता निघतो. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. उचल जोडीवर मिळते म्हणून पोरीचं लग्न लवकर उरकतात, हे कोणी उघड बोलत नाही पण सगळ्यांना माहीत आहे.

मी सहावीपर्यंत आईबापासोबत फडावर जायचो. मग आमच्या गुरुजींनी शिक्षण हमी पत्र भरून दिलं. त्यावर नाव, इयत्ता, काय काय येतं ते लिहिलेलं. ते दाखवलं की कारखान्याकडच्या शाळेत बसवून घ्यायचे. दुसऱ्या वर्षी गावातच हंगामी वसतिगृह सुरू झालं, आजीपाशी झोपायचं आणि जेवण तिथे. मी आज तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करतोय तो त्या एका कागदामुळे. त्या गुरुजींची बदली झाली आणि पुढच्या पोरांचं कोणी पत्रच भरलं नाही. माझा धाकटा भाऊ फडावरच राहिला.

वरुडचा_संत्रावाला
भाऊ, मन लावून अभ्यास कर बाप्पा. लय पोट्टे बसले आहेत परीक्षेले, पण तू काढशीन.

आमच्याकडे उलटं आहे. कापूस वेचाले माणसंच भेटत नाहीत, मंग बैतूल-छिंदवाड्याहून येतात. किलोमागं भाव ठरते. पहिले गोठ्यात उतरवत होते सारे. माह्या मायनं सांगतलं, लेकरंवाली बाई गोठ्यात झोपणार नाही, वावरातली खोली मोकळी करून दे. तवापासून तेच कुटुंब दरसाल येते. सीतादहीच्या, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेच्या दिवशी माय त्याईच्या बाईच्या हातून पहिली ओंजळ वेचून घेते. त्याईची पोरगी आमच्या इथं अंगणवाडीत बसते. ताईनं नाव लिहून घेतलं, खाऊ देते, वजन करते. बोलीत फरक आहे, पण आठ दिवसांत पोट्टी "मले दे" म्हणाले लागली.

रेशनचं मात्र मले माहीतच नव्हतं. बाई, एमपीचं कार्ड आमच्या दुकानात चालते का?

नवेगावची_बाई
चालतं. आधार जोडलेलं हवं. दुकानदार नाही म्हणाला तर 14445 वर फोन करा, हा क्रमांक याच योजनेचा आहे. 'मेरा राशन' ॲपही आहे.

स्टुटगार्टजवळून
मी मूळ हिंगणघाटची, नर्स. जर्मनीत आहे. रात्रपाळी संपवून लिहिते आहे, चुकाभूल समजून घ्या.

इथे उतरल्यावर पहिलं काम पत्त्याची नोंदणी, दोन आठवड्यांच्या आत. घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. ती नोंद झाली नाही तर कर क्रमांक नाही, बँक खात्याचेही वांधे. मी आधी बी2 पातळीपर्यंत (सहापैकी चौथी पायरी) भाषा केली होती तरी वॉर्डातल्या आजीआजोबांची इथली बोली कानावरून जायची. आपल्या नर्सिंगच्या पदवीला मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणूनच काम, पगारही तसाच. हे निघण्याआधी कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं.

नवरा नंतर आला, त्याला इंटिग्रेशन कोर्सला घातलं. 600 तास भाषा आणि 100 तास इथला कायदा, इतिहास, रोजचं वागणं. शेवटी 33 प्रश्नांची परीक्षा, 15 बरोबर आले की पास. सीरियाची, युक्रेनची, व्हिएतनामची माणसं एका वर्गात. त्याला पहिला मित्र तिथे मिळाला, सीरियातल्या हलब शहरातला शिंपी. आजही दर रविवारी आमच्याकडे येतो, माझ्या हातची झुणका-भाकर आवडते त्याला. ज्वारीचं पीठ मिळवणं हा वेगळाच विषय, त्यावर कधीतरी वेगळा धागा काढते.

सिरोंचाच्या दादांचं वाचून रडू आलं. मला इथे परक्या देशात सरकारी मदतीने भाषा शिकवायला माणूस आहे, आणि आपल्याच देशात पुलापलीकडच्या माणसाला साधं पासबुक मिळत नाही.

आर्वीची_आई
ताई, माझ्या मुलाने आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियन आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, 10 हजार जण नेणार असं ऐकलं म्हणून तो जर्मन शिकायला लागला. दीडदोन वर्षं पोरगं घरात बसून क्रियापदं घोकते आहे. ना हो, ना नाही. लग्नाचं पाहायचं तर लोक विचारतात जाणार की राहणार?

स्टुटगार्टजवळून
काकू, स्टुटगार्ट त्याच राज्याची राजधानी आहे, इथे इलेक्ट्रिशियनची खरंच गरज आहे. करारावर अवलंबून न राहता त्याने स्वतः आयटीआय प्रमाणपत्राच्या मान्यतेसाठी अर्ज करावा आणि बी1 पुरं करावं. भाषा वाया जात नाही. मला निरोप पाठवा, मी त्याच्याशी बोलते.

आर्वीची_आई
देव तुझं भलं करो बाई. आज रात्री पाठवते.

मलकापूर_फलाट
गल्फवाले कोणी नाही का? मी रियाधला सेंट्रिंगचं काम करून आलो. तरण्या पोरांनी लक्ष देऊन वाचा.

दहावी पास नसाल तर पासपोर्ट ईसीआर. मग सौदी, कुवेत, कतार, ओमान, अमिराती धरून 18 देशांत कामाला जायला सरकारची मंजुरी लागते, ती ईमायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर. एजंट नोंदणीकृत आहे का ते तिथेच दिसतं. कायद्याने त्याला 30 हजार आणि वर जीएसटी, एवढीच फी घेता येते. आमच्याकडे लोक वावर गहाण ठेवून लाख-दीड लाख देतात. "टुरिस्ट व्हिसावर चल, तिथे बदलून देतो" म्हणाला की समजा फसवणूक. त्या मार्गाने गेलेल्याची कुठेच नोंद नसते, विमाही नसतो. मंजुरी घेऊन गेलं तर प्रवासी भारतीय बीमा मिळतो, 10 लाखांचा, दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये. आमच्या खोलीतला एक जण पाचव्या मजल्यावरून पडून गेला, आजमगडचा होता. त्याच्या बायकोला विमा मिळाला, कारण तो नीट कागद करून आला होता. त्याच खोलीतला दुसरा, आपल्याच भागातला, टुरिस्ट व्हिसावाला. तो आजारी पडला तेव्हा आम्ही वर्गणी काढून परत पाठवला. वकिलातीकडेही असा कल्याण निधी असतो, 2009 पासूनचा. ते आम्हाला नंतर एका केरळच्या माणसाने सांगितलं. केरळवाल्यांना सगळं माहीत असतं, त्यांच्या राज्यात परदेशी गेलेल्यांसाठी नोर्का नावाचा वेगळा विभाग 1996 पासून आहे. आपल्याकडे विदर्भातल्या पोराने कोणाला विचारायचं?

चिखलदरा_एसटी
आमच्याकडचे कोरकू भाऊ कुठेही असो, होळीले घरी. दिवाळीपेक्षा मोठी. ठेकेदाराले माहीत आहे, म्हणून हिशेब होळीच्या आधीच अडकवून ठेवते. फगवा मागायच्या टायमाले गाव भरून जाते, मग पुन्हा खाली.

सिरोंचा_पूल
ठेकेदार सगळीकडचे सारखेच बघा.

मुलचेरा_बांगला
बाहेरून आलेल्यांनीही लिहा म्हणालात म्हणून लिहितो. माझे आजोबा पूर्व पाकिस्तानातून. सरकारने निर्वासितांना तेव्हाच्या चांदा आणि भंडारा जिल्ह्यांत जंगल तोडून जमिनी दिल्या. आजोबा सांगायचे, पहिल्या पावसाळ्यात आजूबाजूच्या गोंड लोकांनी कोणतं कंद खायचं, कोणतं नाही ते शिकवलं नसतं तर आम्ही वाचलो नसतो. आम्ही मासे आणि धान, त्यांनी जंगल. मी मराठी शाळेत शिकलो, घरी बांगला, बाजारात दोन्ही.

पण एक गोष्ट अजून सलते. आमचा नमःशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यामुळे माझ्या बहिणीला शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही. तीन पिढ्या इथे जन्मल्या, मेल्या. मतदान करतो, मराठीत भांडतो. तरी दाखला मागायला गेलं की मूळ गाव विचारतात, आणि ते गाव आता दुसऱ्या देशात आहे.

नवेगावची_बाई
आमच्या तालुक्यात अरुणनगरला तुमचेच लोक, दादा. आणि गोठणगावला 1972 पासून तिबेटी वसाहत. हिवाळ्यात त्यांची माणसं स्वेटर विकायला बाहेर आणि आमची मिरचीला, दोन्हीकडे घरात म्हातारे. त्यांच्या दवाखान्यात आमच्या गावचे लोकही जायचे.

मोहाडीची_सून
ते स्वेटर! माझं लग्नातलं अजून टिकून आहे 😄

वरुडचा_संत्रावाला
मतदानाचा विषय निघाला म्हणून. ग्रामपंचायतीले उमेदवार गाड्या पाठवून पुण्याहून पोट्टे आणतात. लोकसभेले कोणी आणत नाही, मंग अर्धं गाव मत देत नाही. डिसेंबर 2022 मध्ये निवडणूक आयोगानं एक यंत्र जाहीर केलं होतं, जिथं आहे तिथून आपल्या गावचं मत, एका यंत्रावर 72 मतदारसंघ. पक्षांनी हरकती घेतल्या, तिथंच राहिलं. परदेशातल्याईलेही प्रत्यक्ष यावंच लागते ना ताई?

स्टुटगार्टजवळून
हो दादा. 2010 मध्ये कायदा बदलून आम्हाला मतदार यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला गावच्या केंद्रावरच यायचं. तिकिटाच्या पैशात बाबांच्या वावरात ठिबक बसतं, मग सांगा कोण येईल.

वावरावरून आठवलं, हे मुलींनी वाचा. जर्मनीने 2024 मध्ये नागरिकत्वाची अट 8 वर्षांवरून 5 वर आणली आणि दोन नागरिकत्वं मान्य केली. भारत मान्य करत नाही. म्हणजे जर्मन पासपोर्ट घेतला की भारताचा सोडायचा आणि ओसीआय कार्ड घ्यायचं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते. माझा भाऊ म्हणतो, तू पासपोर्ट बदल, वावराचं मी बघतो. मला माझं नाव सातबाऱ्यावर हवं आहे. पीक घ्यायला कोणीही घ्या, नाव माझंही. म्हणून अर्ज केलेला नाही.

आर्वीची_आई
अगदी बरोबर केलंस.

मलकापूर_फलाट
ताई, वारस नोंद आधी करून घ्या, बाबा आहेत तोवर मृत्युपत्र. नंतर तलाठी कार्यालयात फेऱ्या होतात.

पैनगंगेकाठ
मी झालो तलाठी तर फेऱ्या होऊ देणार नाही काका 🙏

बाई, तुमच्या ओळखीत अजून हमी पत्र भरणारे शिक्षक आहेत का? आमच्या तांड्यावर यंदा बरीच पोरं जाणार आहेत. कोरा नमुना असला तरी फोटो टाका. मीच भरून मुख्याध्यापकांची सही घेतो.

नवेगावची_बाई
आहे माझ्याकडे जुना. शाळेच्या कपाटातून काढते आणि सोमवारी टाकते. यंदाचा नमुना वेगळा असेल तर केंद्रप्रमुखांकडून मागून घेईन. पोरांची नावं, जन्मतारखा आणि कोणत्या कारखान्याला जाणार ते आत्ताच लिहून ठेव, मुकादमाकडून गावाचं नाव नीट विचारून घे. तिकडच्या शाळेला आधी फोन केला तर बरं पडतं.

पैनगंगेकाठ
उद्या सकाळीच मुकादमाच्या घरी जातो.