कासाब्लांका: प्रेमकथा की परराष्ट्र धोरण?

तिसरी_रांग

शनिवारी आम्ही नऊ जणांनी 'कासाब्लांका' पाहिला. पावणेदोन तासांचा सिनेमा, पण थांबवत, मागे नेत, वाद घालत चार तास चालला. शेवटी आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "एवढी छान प्रेमकथा, तुम्ही तिचं नागरिकशास्त्र करून टाकलंत." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिसेंबर १९४१, फ्रेंचांच्या ताब्यातला मोरोक्को. फ्रान्स हरलाय, विशी गावातून चालणारं मार्शल पेतांचं सरकार (म्हणून 'विशी सरकार') जर्मनांच्या तालावर नाचतंय. युरोपातून पळालेले लोक कासाब्लांकात अडकून लिस्बनच्या विमानाकडे डोळे लावून बसलेत. तिथे रिक (हम्फ्री बोगार्ट) हा अमेरिकन कॅफे चालवतो. त्याच्या हाती बाहेर पडायचे दोन परवाने येतात, आणि नेमकी तेव्हाच पॅरिसमधली त्याची प्रेयसी इल्सा (इन्ग्रिड बर्गमन) दारात उभी राहते, सोबत नवरा. नवरा लाझलो हा नाझींविरुद्ध लढणारा नेता. परवाने दोन, माणसं तीन. शेवट सांगून टाकतो, ऐंशी वर्षं जुन्या सिनेमाचं काय लपवायचं! रिक तिला नवऱ्याबरोबर विमानाकडे पाठवतो, जर्मन मेजर स्ट्रासरला गोळी घालतो आणि फ्रेंच पोलीसप्रमुख रेनोबरोबर धुक्यात चालू पडतो.

माझं म्हणणं असं, की रिक म्हणजे पर्ल हार्बरवर जपानी हल्ला होऊन युद्धात उतरण्याआधीची अमेरिका, आणि हे आम्ही वरून चिकटवलेलं नाही. कोणासाठीही मी स्वतःला धोक्यात घालत नाही असं रिक म्हणतो, तेव्हा रेनो 'शहाणं परराष्ट्र धोरण' अशी दाद देतो. रिक सही करतो त्या कागदावर तारीख आहे २ डिसेंबर १९४१. पुढे दारू पिऊन तो कॅफेतल्या पियानोवाल्या सॅमला विचारतो, आत्ता न्यूयॉर्कमध्ये किती वाजले असतील? झोपले असतील, सगळी अमेरिका झोपली असेल. पाच दिवसांनी पर्ल हार्बर. आणखी किती स्पष्ट हवं?

जास्वंद

माझं मत काकूंना.

पटकथा लिहिली गेली १९४२ मध्ये. पर्ल हार्बर होऊन गेलं होतं, अमेरिका युद्धात उतरली होती. झोपलेल्याला हलवून जागं करणं समजू शकते, पण जो उठून, आंघोळ करून, बूट घालून जिना उतरलाय त्याला कसले उठवता? म्हणजे ही सगळी प्रतीकं प्रेक्षकाच्या पाठीवर थाप मारायला आहेत, 'बघा, आपण कसे वेळेवर जागे झालो'. त्याला मी राजकीय विचार म्हणणार नाही.

शिवाय चित्रीकरण सुरू झालं तेव्हा पटकथा पुरी नव्हती. एपस्टीन बंधू आणि हॉवर्ड कॉख एकीकडे लिहितायत, दुसरीकडे कॅमेरा चालू आहे, बर्गमनबाईंना कळेना की दोघांपैकी नक्की कोणावर प्रेम असल्यासारखं बघायचं. अशा कारभारातून आखीव रूपक निघतं? बटाट्यात गणपती शोधला तर सापडतोच. 'कासा ब्लांका' म्हणजे पांढरं घर, म्हणजे व्हाइट हाउस, म्हणून रिक म्हणजे अध्यक्ष रूझवेल्ट, हेही वाचलंय मी. शहराला ते नाव पोर्तुगीजांमुळे मिळालं, काही शतकं आधी. त्यांना रूझवेल्ट स्वप्नात आला होता का?

तिसरी_रांग

पांढऱ्या घराचं माझ्या माथी मारू नका, ते मलाही पटत नाही. बूट घातलेल्या माणसाचा मुद्दा मात्र बोचला. त्यामुळे जरा बदलून मांडतो.

'लढायचं की नाही' हा प्रश्न १९४२ मध्ये संपला होता. 'फ्रान्स म्हणजे कोण' हा संपला नव्हता. अमेरिकेचे विशीशी राजनैतिक संबंध होते, ॲडमिरल लेही हे मे १९४२ पर्यंत तिथे राजदूत होते. पेतांना न जुमानता बाहेरून लढणारे फ्रेंच नेते द गॉल रूझवेल्टना डोळ्यांसमोर नको असायचे, त्यांच्या सरकारला मान्यता मिळाली ती ऑक्टोबर १९४४ मध्ये. आता सिनेमा बघा. सुरुवातीलाच कागदपत्रं नसलेला एक माणूस पळतो आणि पोलिसांची गोळी लागून पडतो, तो पेतांच्या भल्यामोठ्या चित्राखाली. हातात पत्रक कोणाचं? द गॉलच्या स्वतंत्र फ्रान्सचं. नॉर्वेचा माणूस लाझलोला खूण म्हणून अंगठी दाखवतो, तिच्यात लोरेनचा क्रूस, म्हणजे द गॉलचीच निशाणी. आणि शेवटी रेनो पाण्याची बाटली उचलतो, लेबलावर 'विशी' वाचतो, कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि डब्याला लाथ घालतो. याचं चित्रीकरण मे ते ऑगस्ट १९४२ या काळातलं. अमेरिकेनं विशीला लाथ घालायच्या आधी वॉर्नर ब्रदर्सनं घातली.

जुना_कंदील

जास्वंदताई, गाण्यांच्या जुगलबंदीचं काय करणार? जर्मन अधिकारी 'डी वाख्ट आम ऱ्हाइन' हे त्यांचं देशभक्तिगीत म्हणतायत, लाझलो बँडला 'मार्सेयेझ', म्हणजे फ्रान्सचं राष्ट्रगीत, वाजवायला सांगतो. वादक आधी रिककडे बघतात. रिक मान हलवतो, बस्स. तेवढ्या हलवण्यावर सगळा सिनेमा फिरतो.

आणि तिथे रडत गाणारी इव्हॉन, म्हणजे मादलेन लबो, आणि रुलेटच्या जुगाराच्या टेबलावरचा मार्सेल दालिओ हे प्रत्यक्षात नवरा-बायको. १९४० मध्ये पॅरिसहून पळाले, लिस्बन गाठलं, चिलीचे व्हिसा काढले ते बनावट निघाले, मेक्सिकोत अडकले, मग कॅनडामार्गे अमेरिका. दालिओ ज्यू, ज्यू कसा ओळखावा हे सांगायला नाझींनी त्याचाच चेहरा भित्तिपत्रकावर छापला होता. स्ट्रासर झालेला कॉनराड फाइट स्वतः नाझींमुळे जर्मनी सोडून आलेला. दिग्दर्शक कर्टिझ बुडापेस्टचा ज्यू. ही माणसं सेटवर नुसती प्रेमकथा करत होती म्हणता?

आणखी एक. १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीत हा सिनेमा लागला तेव्हा मेजर स्ट्रासर आणि नाझींचे सगळे प्रसंग कापले होते, जवळपास पंचवीस मिनिटं. लाझलोला नॉर्वेचा अणुशास्त्रज्ञ करून टाकलं. राजकारण एवढं नगण्य असतं तर कात्री कशाला लावली असती?

जास्वंद

अहो, हा पुरावा माझ्या बाजूचा आहे! नाझी काढले, लाझलोला प्रयोगशाळेत बसवलं, तरी सिनेमा लावता आला. कारण 'परवाने दोन, माणसं तीन' उरलं. उलट करून बघा. इल्सा काढा आणि फक्त विशीचं पाणी ठेवा. तिकीट कोण काढेल?

लबो-दालिओची गोष्ट मात्र माहीत नव्हती. तो प्रसंग परत बघेन.

मडगांवकर

एवढा वेळ वाचत होतो. सगळे 'स्वातंत्र्य' म्हणताय, म्हणून विचारतो, कोणाचं?

ज्या 'मार्सेयेझ'नं तुमच्या अंगावर काटा येतो, ते मोरोक्कोच्या मालकाचं गीत होतं. १९१२ पासून देश फ्रेंचांच्या 'संरक्षणात'. सिनेमा मोरोक्कोतला, पण दारवान अब्दुल, बाजारातले विक्रेते सोडले तर मोरोक्कन माणूस शोधून सापडत नाही. 'इथून जर्मनांनी जावं' असं सगळे म्हणतात. 'फ्रेंचांनीही जावं' म्हणणारा त्या कॅफेत कोणी नाही.

आणि ते लिस्बन! नकाशावर बोट फिरवत सांगतात ना, पॅरिस ते मार्सेय, समुद्र ओलांडून ओरान, तिथून कासाब्लांका, मग लिस्बन, पुढे मोकळी हवा. ती पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारची राजधानी होती. आम्हा गोवेकरांसाठी लिस्बनकडे जाणारा रस्ता वेगळा होता. १९४६ मध्ये लोहियांनी मडगावात सभा घेतली, त्याच वर्षी गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते टी. बी. कुन्हांना पकडून लष्करी न्यायालयापुढे उभं केलं आणि पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात नेऊन कोंडलं. इल्सा-लाझलोला सोडवणारं शहर ते हेच. माझे वडील हा सिनेमा बघताना विमान उडालं की म्हणायचे, 'चालले बघ सालाझारकडे.'

तिसरी_रांग

तुमच्या वडिलांचं वाक्य आमच्या गटात सांगणार, परवानगी धरून चालतो. पण हजारो लोक लिस्बनमार्गेच जिवंत सुटले, दालिओसुद्धा. सिनेमा त्यांच्या नजरेचा आहे. बुडणाऱ्यानं फळी पकडताना ती कोणाच्या जंगलातली हे विचारावं ही अपेक्षा जास्त वाटते.

मडगांवकर

बुडणाऱ्याकडून अपेक्षा नाही. किनाऱ्यावर बसून, चार तास लावून प्रतीकं शोधणाऱ्यांकडून आहे.

शंकासुर

😀 वरच्याला +१.

मला मात्र बाटलीवर बोलायचंय. तिसरी_रांग, तुमचा विशीविरोधी सिनेमा रेनोचं शेवटी काय करतो? हा माणूस व्हिसा देताना पोरीबाळींकडून काय वसूल करतो ते उघड आहे. बल्गेरियाची ती नवी नवरी आठवा, रिककडे येऊन आडून आडून विचारते की रेनोच्या शब्दावर विश्वास ठेवावा का. रिक तिच्या नवऱ्याला रुलेटवर २२ वर दोनदा जिंकवतो. रेनो येऊन कुरकुरतो, म्हणतो, उद्या एक सोनेरी केसांची घेऊन येतोय, ती हरली तर मला आनंद होईल. आणि आपण हसतो, कारण रेनो झालेला क्लॉड रेन्स फार गोड बोलतो. शेवटी याच माणसानं एक बाटली फेकली की सगळं माफ, वर रिकची दोस्ती.

आता बाहेर काय चाललं होतं ते बघा. ८ नोव्हेंबर १९४२ ला अमेरिकी सैन्य मोरोक्को-अल्जीरियात उतरलं. कासाब्लांकात विशीच्या फौजा त्यांच्याशी तीन दिवस लढल्या. मग अमेरिकेनं ॲडमिरल दारलांशी हातमिळवणी केली. दारलां कोण, तर विशीतला पेतांचा उजवा हात. तो बाजू बदलून अमेरिकेच्या मेहेरबानीनं उत्तर आफ्रिकेचा प्रमुख झाला. मोरोक्कोतला विशीचा रेसिडेंट-जनरल, म्हणजे तिथला मुख्य फ्रेंच कारभारी, नोगेस खुर्चीवर तसाच राहिला. २६ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये सिनेमाचा पहिला खेळ झाला. त्या आठवड्यातला रेनो हाडामांसाचा होता आणि वॉशिंग्टननं त्याच्या खांद्यावर हात टाकलेला होता. महिनाभरात, २४ डिसेंबरला, दारलांचा खून झाला हे वेगळं.

म्हणून माझ्या मते सिनेमा सरकारच्या पुढे वगैरे नव्हता. विशीवाल्याला कसं पचवायचं याचा मसाला त्यानं आधीच वाटून ठेवला होता.

जास्वंद

हे जबरदस्त आहे. आणि मला न आवडणारं आहे, कारण रेनो माझा सगळ्यात लाडका.

तरी एक म्हणते. चित्रीकरण संपलं ऑगस्टमध्ये, दारलां पलटला नोव्हेंबरमध्ये. हा योगायोग आहे, मसाला नाही.

शंकासुर

योगायोग मान्य. पण प्रेक्षकाला तो गिळायला जड गेला नाही, यात रेनोचा हात असेल की नाही?

तिसरी_रांग

माझ्या बाटलीची पार वाट लावलीत. लोरेनच्या क्रूसावर अजून ठाम आहे, रेनोवर नाही.

ते सोनेरी केसांचं वाक्य आलं तेव्हा आम्ही नऊपैकी आठ जण हसलो होतो. काकू हसल्या नव्हत्या, आत्ता आठवलं. पुढच्या शनिवारी तो प्रसंग परत लावतोय, आणि सुरुवात त्यांनाच करायला सांगणार आहे.