जिवाणू रक्तात ‘स्थलांतर’ करतात का?

म्हसरूळ: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपण लिहिते आहे. व्हेंटिलेटरने श्वास देण्याची पद्धत बदलली की फुप्फुसातल्या जिवाणुसंसर्गाचं काय होतं, यावरच्या प्राण्यांवरील प्रयोगांचं. ‘मेकॅनिकल व्हेंटिलेशन’ला यांत्रिक वायुवीजन चालेल का? आणि ‘ट्रान्सलोकेशन’ला, म्हणजे जिवाणू फुप्फुसातून रक्तात जाण्याला, जिवाणूंचं स्थलांतर लिहिलंय, ते खटकतंय.

गंगापूर रोड: ताई, वायुवीजन म्हटलं की झरोके आणि एक्झॉस्ट पंखे आठवतात. ‘कृत्रिम श्वसन’ही नको, तो शब्द प्रथमोपचारात तोंडाने दिलेल्या श्वासासाठी रुळलाय. एकदा ‘यंत्राने दिलेला श्वास’ लिहा, पुढे सरळ व्हेंटिलेटर.

पंचवटी: हे पटलं. स्थलांतराबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण त्या शब्दाने विषयच उलटा कळतो. स्थलांतर नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी करतात, ऊसतोड मजूर करतात. त्यात जाणाऱ्याचं जाणं महत्त्वाचं. इथे जिवाणू तेच राहतात, बदलते ती श्वास देण्याची रीत. १९९७ च्या प्रयोगात कुत्र्यांच्या श्वासनलिकेत ई. कोलाय सोडले होते. ज्या गटात फुप्फुसं जोरात फुगवली आणि उच्छ्वासाच्या शेवटी दाब जवळजवळ सोडून दिला, तिथे जिवाणू रक्तात सापडले. फुगवणं तेवढंच ठेवून शेवटी दाब राखला, तेव्हा हे बरंच कमी झालं. १९९८ मध्ये उंदरांत क्लेब्सिएला जिवाणू घेऊन असंच दिसलं: ३० सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबाने फुगवून अखेरीस शून्यावर आणलं की जिवाणू रक्तात, १० वर राखलं की कमी.

असं का, ते विद्यार्थ्यांना नीट समजायला हवं. दाब सुटला की वायुकोश मिटतात, पुढच्या श्वासाला ओढून उघडले जातात. वायुकोश आणि केशवाहिनी यांच्यामधला पडदा अतिशय पातळ असतो, या ताणाने तो गळायला लागतो. म्हणून मी ‘जिवाणू रक्तात झिरपणे’ लिहीन. पडद्याला झालेली इजा या क्रियापदात आपोआप येते.

सिडको: ‘झिरपणे’ छान. पण ‘पीप’ला (PEEP), म्हणजे उच्छ्वासाच्या शेवटी राखलेल्या या दाबाला, काय म्हणायचं? ‘पीप वाढवलाय’ असं कानावर पडलं की हिंदी बोलणाऱ्या नातेवाइकांना पू झालाय असं वाटतं, जीव घाबरा होतो त्यांचा. त्यांना समजावून सांगणारं कुणी हवंच.

पंचवटी: ‘उच्छ्वासाअखेरचा दाब’. लांब आहे, पण नेमका आहे.

म्हसरूळ: ‘कोलॅप्स’ला ‘मिटणे’ही घेते, डोळे मिटतात तसं लगेच कळतं. आणि ‘व्हेंटिलेटरमुळे न्यूमोनिया होतो’ हे वाक्य टिपणात ठेवू का?

गंगापूर रोड: ‘मुळे’ काढा. ‘व्हेंटिलेटरवर असताना होणारा न्यूमोनिया’ म्हणा. श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर ४८ तास उलटल्यावर होणाऱ्या न्यूमोनियाला हे नाव देतात, आणि त्यात घशातले जिवाणू नळीच्या कडेने खाली उतरतात. प्रयोगांत तर ते आधीच फुप्फुसात सोडलेले असतात. दोन्ही एका परिच्छेदात नकोत.

पंचवटी: शिवाय ‘वाढ’ आणि ‘झिरपणे’ हेही वेगळे ठेवा. २००४ मध्ये डुकराच्या नवजात पिलांवरच्या प्रयोगात ब गटाचे स्ट्रेप्टोकोकाय वापरले होते. फुप्फुस उघडं ठेवणाऱ्या पद्धतीने तिथे जिवाणूंची फुप्फुसातली वाढही कमी झाली आणि रक्तात झिरपणंही.

म्हसरूळ: मग दोन स्वतंत्र उपशीर्षकं करते.